पान एकशे सत्तावीस

शकुंतलाअक्का प्रबंध टाइप करायला घेत त्या शेवटाकडून. आधी संदर्भसूची, मग बाकीचं. "पोटातलं मला कळत नाही," त्या म्हणत, "पण यादी बघितली की माणूस कळतो." बंगळूरच्या शिवाजीनगरात एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचं टंकलेखन चाले. घराणं चार पिढ्या बंगळुरातलं, त्यामुळे मराठीत कन्नड सहज मिसळलेलं. मला त्या तम्मा म्हणत, धाकट्या भावाला म्हणतात तसं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या संस्थेत संगणकावर शोधपत्रिका उघडू लागल्या होत्या आणि ग्रंथालयाचा जिना चढणं मी सोडलं होतं. नाचणीवरचा माझा प्रबंध घेऊन गेलो, तेव्हा यादीवरून फिरणारं अक्कांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हा जुना लेख तू वाचलास?"

"हो."

"स्वल्प थांब." त्यांनी कपाटातून दुसऱ्याच एका लेखाची प्रत काढली. "हा मी टाइप केलेला. यात त्या जुन्या लेखाचं पान १२७, मी १७२ करून ठेवलं. तसंच छापलं गेलं, आता संगणकावरही तसंच आहे. तुझ्या यादीतही १७२. मूळ लेख बघितला असतास, तर माझी चूक तुझ्याकडे आली नसती."

मी खाली बघत म्हणालो, "अक्का, सोमवारी प्रबंध द्यायचाय. आकडा तेवढा बदला."

"आकडा बदलीन. पण न वाचलेलं वाचलं म्हणून टाइप करणार नाही. जा, वाचून ये."

चिडूनच मी हेब्बाळला शेतीविषयक जुन्या ग्रंथालयात गेलो. पान १२७ वर स्वच्छ लिहिलं होतं: नाचणीच्या ज्या वाणासाठी मी या लेखाचा दाखला दिला होता, ते पाण्याविना टिकलं ते कुंड्यांमध्ये, शेतात लावून पाहिलेलंच नव्हतं. माझं एक अख्खं प्रकरण त्या वाणावर उभं होतं. मुदत हुकली, मार्गदर्शक आठवडाभर बोलले नाहीत. ते प्रकरण पुन्हा लिहायला मला तीन महिने लागले.

तेवढ्या काळात अक्का स्वतःच्या चुकीच्या मागे लागल्या होत्या. शोधपत्रिकेच्या संपादकांना त्यांनी पत्रं धाडली. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं, मुद्रणदोष म्हणून दुरुस्ती छापतो. अक्कांनी माझ्याकडून चौथं पत्र लिहून घेतलं.

"मुद्रणदोष नको. टाइप करणारीची चूक, असं लिही. छापणाऱ्यानं काय केलंय?"

मी बंगळूर सोडण्याच्या आदल्या दिवशी ती दुरुस्ती संगणकावर दिसली, अक्कांच्याच शब्दांत. कागदावर काढून घेऊन गेलो. तीच आमची शेवटची भेट. अक्कांनी त्या दोन ओळी सावकाश वाचल्या.

"हे आता सगळ्यांना दिसेल?"

"जे उघडून बघतील त्यांना."

"सरी, ठीक झालं," त्या म्हणाल्या. "तू आता शिकवायला निघालायस ना? मग उघडायला लाव त्यांना."