मडगार्डवर बसून पाहिलेलं जंगल

अकोल्याच्या बाजारात कापसाची प्रतवारी करण्यात माझी सगळी नोकरी सरली. गाडीत वर पांढराशुभ्र माल आणि खाली ओला, पिवळा पडलेला, हे रोजचंच होतं. कोपरापर्यंत हात खुपसल्याशिवाय मी कुणाच्या मालाला चांगलं म्हटलं नाही. लेकीसाठी स्थळ पाहायला निघालो तेव्हाही ती सवय घरी ठेवता आली नाही.

शेतीची ती वाईट वर्षं होती. दरवर्षी माल आणणारे दोन तरणे शेतकरी एका हंगामात दिसेनासे झाले आणि त्यांच्या बायका गाडीसोबत येऊन माझ्यासमोर मुकाट उभ्या राहिल्या. काय झालं ते विचारायची गरज नव्हती. माझी लेक अशी उभी राहू नये, एवढंच मला हवं होतं. म्हणून शेतकऱ्याचं स्थळ म्हटलं की मी नाही म्हणून मोकळा होत असे. हे स्थळ मोझरीच्या पुढचं, लेकीच्या अमरावतीच्या मैत्रिणीच्या भावाचं. मी तोंड उघडण्याआधीच बायको म्हणाली, "पाहून तं या."

मुलगा फाट्यावर ट्रॅक्टर घेऊन हजर. ट्रॅक्टर धुतलेला, हार घातलेला. मी मडगार्डवर बसलो आणि पहिली पाल तिथंच चुकचुकली. मडगार्डवर तीन पोरांची नावं रंगवलेली होती. या घरात तर मुलगा एकच. मी नावांवर मांडी टाकली.

त्यांचं वावर डोंगराच्या पायथ्याशी, आणि त्याला लागून मालकीचं जंगल. साग, पळस, तेंदू. मुलगा गिअर टाकताना चाचपडत होता, पण झाडाझुडपांतली वाट मात्र न पाहता काढत होता. "इथं खाली वाका काकाजी, फांदी आहे," असं फांदी दिसायच्या आधी सांगायचा. हेही मला खटकलं. पाठ करून आला असेल, असं वाटलं.

थोडं आत गेल्यावर त्यानं ब्रेक दाबला. वादळात पडलेला एक साग वाटेत आडवा होता.

"इकून रस्ता बंद आहे जी. वापस जाऊ."

"मांगं काय आहे?"

"काई नाई. झरा आहे."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नक्की इथंच पाणी मुरतंय, मी मनात म्हटलं. मागची जमीन दुसऱ्याची असेल, नाहीतर गहाण. "झरा पायल्याशिवाय मी जात नसतो," मी ठणकावलं. "वढ ते झाड."

त्यानं ट्रॅक्टर वळवला, खोडाला साखळी बांधली, ट्रॅक्टरच्या मागच्या हुकात अडकवली आणि गाडी पुढे घेतली. खोड हललं नाही. त्यानं आणखी जोर दिला तशी ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली. मी बोंब ठोकली. त्यानं क्लच दाबला, चाकं आदळली आणि माझी कंबर मडगार्डवर अशी आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"ट्रॅक्टर कोनाचा आहे?" मी ओरडलो.

"मामाचा," तो म्हणाला. पांढराफटक पडला होता.

"अन् जंगल?"

"जंगल आमचं आहे जी. वावरबी आमचं."

"मंग हे नाटक काहून?"

"मी नाईच म्हनत होतो." पुढे त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. खोडावरून उडी मारून तो पलीकडे गेला आणि झऱ्याकडून एक बैलजोडी घेऊन आला. मला दिसू नये म्हणून तिथं बांधून ठेवली होती. त्यानं बैलांना नुसती हाक दिली. बैलांनी खोड बाजूनं फिरवून अलगद मोकळं केलं. आता त्याचे हात कुठंच चाचपडत नव्हते. मी झरा पाहिला, पाणी प्यालो आणि हो-नाही काही न बोलता अकोल्याची गाडी धरली.

घरी लेकीनं चहा आणून दिला. मी कंबर चोळत होतो.

"बाबा, झऱ्यापर्यंत गेल्ते का?"

मी झऱ्याचं नाव घरात काढलं नव्हतं. कप हातातच राहिला. स्वयंपाकघरात बायकोचं लाटणं वाजत होतं, तेही थांबलं.

मी खडा टाकून पाहिला. "मुलगा लबाड आहे. ट्रॅक्टर मामाचा निंघाला."

"बैल त्याचेच आहेत," ती तडकन म्हणाली. मग जीभ चावली. "ट्रॅक्टर मीच आनाले लावला होता. त्याशिवाय तुमी गेलेच नसते."

मला राग आला आणि वाईटही वाटलं. लोकांच्या गाड्यांत मी हात घालत फिरलो, आणि घरात एवढं चाललं होतं. त्या दोघी बायका अजून माझ्या डोळ्यांसमोर होत्या. भीती कुठंच गेली नव्हती. पण तिच्या आवाजात मला नुसता हट्ट ऐकू आला नाही. तिनं तो झरा, ते बैल, ते वावर सगळं जाऊन पाहिलं होतं.

चहा निवला होता. मी तो तसाच प्यालो.

"त्याले निरोप दे," मी म्हटलं, "पुढच्या खेपेले फाट्यावर बैलगाडीच आन म्हना. त्या मडगार्डावर माही कंबर मोडली."