ओळखीची सही

आमचे हे, रघूत्तमराव, मुलखाचे संशयी. दूधवाल्याच्या दुधात रोज बोट बुडवून बघणार. तिरुनागेश्वरमला देवदर्शनाला गेलो की एक चप्पल या दाराशी, दुसरी त्या दाराशी. चोराला जोड मिळायला नको! मी वैतागायची. पण कुंभकोणमच्या बँकेत नवी खाती उघडायचं टेबल यांच्याकडे होतं, आणि बावीस वर्षांत एक खोटा माणूस त्यांच्या हातून सुटला नव्हता. त्यांना त्याचा गर्व होता. खरं सांगते, मलाही होता.

असा माणूस फसावा कशाला? तर भाषेला! नव्वद साली एक गृहस्थ टेबलाशी आले आणि चक्क आपली मराठी बोलले. पुण्याची नव्हे हो, आपली तंजावरची, जी आपण उंबऱ्याच्या आत बोलतो आणि बाहेर पडलं की तमिळ सुरू करतो. नाव मुकुंदराव, गाव इन्नंबूर, धंदा भाताचा. यांनी विचारलं, "तुम्ही कोणचे?" त्याने चार सोयरिकी सांगितल्या. झालं! सख्ख्या मेव्हण्याकडून पावती घेणारा माणूस, पण याचं ना घर पाहिलं, ना रेशनकार्ड. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

खातं उघडायला जुन्या खातेदाराने ओळखीची सही द्यावी लागे, म्हणजे या माणसाला मी ओळखतो अशी हमी. बँकेतल्या माणसाने ती द्यायची नाही, असा मॅनेजरचा दंडक. म्हणून हे कागद मेलकावेरीला घरी घेऊन आले. "गोदा, इथे सही कर. आपलाच माणूस आहे." माझं बँकेत खातं होतं, आणि हात डोशाच्या पिठात. तसाच पुसला आणि सही ठोकली.

वर्षभराने यांचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी बोलले. भाताच्या व्यापाऱ्याच्या खात्यात मुंबईहून, कोइमतूरहून ड्राफ्ट येतात, आणि दुसऱ्याच दिवशी सगळी रोकड बाहेर. सायकल हाणत हे इन्नंबूरला जाऊन आले होते. त्या नावाचं तिथे कुणी नव्हतंच. समुद्रापलीकडच्या बेटावर तमिळांची लढाई पेटलेली, आणि किनाऱ्यावरून तिकडे काय काय जातं याची कुजबुज गावभर.

"बॉम्बचा पैसा असेल, गोदा. कळवावं तर पहिली सही तुझी निघेल. माझी नोकरी जाईल."

"आणि नाही कळवलं तर?"

"तर कुणाला कळणार नाही."

अय्यय्यो, ते ऐकून माझं डोकंच फिरलं. तोंडून निघून गेलं, "अहो, तुम्ही त्याच्याकडून काही घेतलंत का?"

त्यांनी जेवण अर्धवट टाकलं. ताटात पाणी सोडलं आणि उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅनेजरला सगळं लिहून दिलं. पंधरवड्याने मद्रासहून पोलीस अधिकारी घरी आला. मी मनाशी ठरवलं होतं, त्या माणसाला ओळखते म्हणायचं, म्हणजे यांच्यावर बालंट नको. पण अधिकाऱ्याने यांचंच पत्र पुढे धरलं: बायकोने त्या माणसाला पाहिलेलं नाही, सही मी करवली, दोष माझा.

"खरं आहे हे, अम्मा?"

"खरं आहे."

"मग सांगा, यांनी पैसे घेतले?"

माझाच प्रश्न! हे खांबाला टेकून उभे होते, नजर जमिनीवर.

"नाही," मी ठासून म्हणाले. "एक पैसा नाही."

तो मुकुंदराव कधी सापडला नाही. नोकरी वाचली, टेबल गेलं, यांना जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी अधिकारी गेल्यावर यांनी दाराला कडी घातली आणि मला विचारलं, "तुझी खात्री होती?"

"होती," मी म्हणाले.

लोकांचा खोटेपणा ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, "बरं" म्हणाले आणि आत गेले.