शिफ्टचा गूळ

काकांना आमचा जिना चढायला चाळीतल्या म्हाताऱ्यांपेक्षाही जास्त वेळ लागायचा. दर चार पायऱ्यांवर थांबून ते कोणाची तरी चौकशी करायचे. खाली "पाणी आलं का?", वळणावर "पोराचा दाखला मिळाला का?" मला वाटायचं, काय भोचक माणूस आहे! ते श्वास जमवत असत, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

काका आमच्या नात्यातले नव्हते, पण आमच्यासारखेच जळगावकडचे. सिल्वासात ॲस्बेस्टॉसचे पत्रे करणाऱ्या एका कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. छातीत धूळ बसली, काम सुटलं. मग तिथल्या कामगारांना गाठून तपासणीला न्यायचं वेडच त्यांनी घेतलं. खांद्याला पिशवी, पिशवीत लोकांचे एक्स-रे. चहा बशीतूनच प्यायचे. "वहिनी, साखर कमी पडली तर मी काही पुन्हा येणार नाही," अशी आईला धमकी द्यायचे. आई मुद्दाम कमी टाकायची, आणि तरी ते यायचे.

यायचे ते आप्पांसाठी. माझे वडील त्याच कारखान्यात होते आणि दोन पावसाळे खोकत होते. जवळच्या दादरा गावात तपासणीसाठी छातीचे डॉक्टर येणार होते, पण आप्पा हलायला तयार नव्हते. त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "कंपनीत धुळीवर गूळ देतात ना. रोज खातो मी. गळा साफ."

तेव्हा सगळेच असं मानत. शिफ्ट सुटताना प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा पडायचा. गुळाने धूळ उतरते, अशी पक्की समजूत. आप्पांचा खडा मात्र कागदात गुंडाळून घरी यायचा आणि माझ्या पोळीत जायचा. दारात त्यांची चप्पल वाजली की मी धावत सुटायचे. तितका गोड गूळ मी पुन्हा खाल्ला नाही, आणि आज त्याच गुळाचा मला संताप येतो.

एका रविवारी काकांसमोर आप्पा पुन्हा "रोज खातो" म्हणाले. मी दहा वर्षांची होते. मला राहवलं नाही.

"नाही खात! मला आणून देतात! मीच खाल्लं त्यांचं औषध!" असं ओरडून मी भोकाड पसरलं. कित्येक दिवस त्यांचा खोकला ऐकताना मला हेच वाटत होतं. आप्पा खाली बघत राहिले.

काका हसले नाहीत. त्यांनी मला जवळ ओढलं आणि माझा कान आपल्या पाठीला लावला. "आयक."

आत चुरचुरत होतं, वाळक्या पाचोळ्यावरून कोणी चालावं तसं.

"मी अठरा वर्षं रोजचा गूळ रोज खाल्ला," ते आप्पांकडे बघत म्हणाले. "एक खडा चुकवला नाही. गूळ पोटात जातो बेटा, धूळ छातीत. तुह्या खाण्यानं काही झालं नाही." एवढं बोलताना ते दोनदा थांबले.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी कामावर खाडा केला आणि काकांच्या स्कूटरवर मागे बसून दादऱ्याला गेले. छातीत दोष निघाला, पण वेळेवर निघाला. त्यांनी ते काम सोडलं. आज ते माझ्याकडे असतात, हळू चालतात, पण चालतात. हे काकांचे उपकार, दुसऱ्या कोणाचे नाहीत.

मी शाळेत शिकवायला लागले त्या वर्षी काकांनी अंथरूण धरलं. भेटायला गेले तेव्हा त्यांची मुलगी उशाशी बसून चमच्याने पाणी पाजत होती. माझ्यापेक्षा थोडी मोठी. काकांनी मला ओळखलं. बराच वेळ दम गोळा करून ते तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले,

"हिले मी कधी एक खडा नेला नाही. हिच्यासाठी जगायचं होतं ना, म्हणून सगळा मीच खाल्ला."