जिनूनं केलेला नाग

जिनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, दाढीचा साबण लावून आरशासमोर उभा होतो. कुंडलहून पद्मावहिनी बोलत होत्या. "भावजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या आणि फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला. सकाळी द्राक्षबागेत पाणी सोडायला गेला, बांधावर टेकला तो उठलाच नाही... कराडच्या इंजिनीअरिंग कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो. पुढे तो पुण्यात पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत रमला आणि मग सगळं सोडून बागेसाठी गावी परतला, पण आमचं एकमेकांच्या घरी जाणं-येणं कधी थांबलं नाही. आता या गोष्टीला काही आठवडे झाले, तरी घरातलं एखादं यंत्र कुरकुरलं की माझा हात आधी फोनकडे जातो.

जिनू जैन, वाटेतली मुंगी ओलांडून जाणारा. मी शिराळ्याचा, आणि माझे वडील, आबा, नाग धरण्यात नावाजलेले. कॉलेजात असताना एकदा नागपंचमीला मी त्याला घरी नेलं. सगळं गाव जिवंत नागांच्या मिरवणुकीला रस्त्यावर, आणि हा पठ्ठ्या स्वयंपाकघरात बसून आईला दिंडांत पुरण भरू लागत होता. आबांनी दारातूनच विचारलं, "का रं, भ्या वाटतं व्हय?"

"भ्या न्हाई, आबा. मडक्यात कोंडलेला बघवत न्हाई."

आमच्या घरात असं बोलायची कुणाची छाती नव्हती. आबा त्याच्याकडे टक लावून बघत राहिले आणि मिशीतल्या मिशीत हसून निघून गेले. दोघांचं त्या दिवसापासून जमलं. वाद मात्र कधी मिटला नाही.

मग जिवंत नाग धरायला बंदी आली. गाव हळूहळू मातीच्या नागावर आलं, आबा आले नाहीत. पंचमीला ते मागच्या खोलीचं दार लावून बसत, जेवायलाही उठत नसत. आई गेल्यावर तर त्या दिवशी घरात चूलसुद्धा पेटेना. मी हे जिनूला सांगितलं. मला वाटलं, बंदीचं त्याला बरंच वाटलं असेल. तसं वाटलंही होतं, ते त्यानं लपवलं नाही. पण लगेच म्हणाला, "कायदा बराच झाला गड्या. पर म्हातारा दाराआड बसला, ह्ये बरं न्हाई झालं."

आणि मी शिराळ्यात असताना एका रविवारी तो पिशवीतून नाग घेऊन आला. अंग रबराचं, फण्याच्या दोन्ही अंगांना एकेक सर्वो मोटर. सांगितलेल्या कोनात वळून तिथंच धरून राहणारी ही इवलीशी मोटर खेळण्यातल्या विमानात असते. बटण दाबलं की फणा उघडायचा, सोडलं की मिटायचा. मी तर बघतच राहिलो. आबांनी चष्मा पुसला, नाग हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ह्यानं बेडूक गिळलाय रं."

जिनू पोट धरून हसला. पण आबांचं खरं होतं. फणा मिटल्यावर नागाची मान अंगासारखी सडपातळ व्हायला हवी, ती फुगलेलीच राहत होती. मोटरी मावत होत्या, अडचण तारांची होती. मोटरीच्या कुशीतून जाड रबरासकट तारा बाहेर यायच्या, त्यांना वळायला जागा लागायची, आणि तेवढाच फुगवटा. मी म्हटलं, राहू दे, लोक लांबूनच बघणार. तो एकदम चिडला. "लोकं लांबनं बघतील रं, आबा हातात धरणार हायत."

त्यानंतर किती तरी रविवार तो कुंडलहून आणि मी साताऱ्याहून शिराळ्याला येत राहिलो. त्यानं मोटरीचं मागचं झाकण काढून मूळ तारा उपटल्या, केसाएवढ्या तारा थेट आतल्या सर्किटच्या पट्टीला कथलाचा डाग देऊन जोडल्या आणि तळाशी कानशीनं खाच पाडून त्या सरळ खाली काढल्या. मान बारीक झाली, पण फणा लटलटायला लागला. "थंडी वाजतीया व्हय ह्येला?" आबा म्हणाले. जिनूनं कपाळावर हात मारला. जागेच्या लोभानं त्यानं करंटाच्या ताराही बारीक घेतल्या होत्या, आणि मोटरींना वीज पुरत नव्हती. पुन्हा सगळं सोडवलं. दोन्ही मोटरींना करंटाच्या जाड तारा सामाईक ठेवल्या आणि मोटरीला कधी वळायचं ते सांगणारी इशाऱ्याची तार तेवढी एकेक बारीक. जिनू दिवस मावळायच्या आत जेवणार, म्हणून आबा उन्हं कलली की स्वतः भाकरी थापायला बसत. आईच्या माघारी त्यांनी परातीला हात लावलेला मी तेव्हाच पाहिला. एवढी चिकाटी आणि एवढी माया एका माणसात मी दुसरीकडे पाहिली नाही.

त्या पंचमीला आबा दार उघडून बाहेर आले. फेटा बांधून, नाग हातावर घेऊन मिरवणुकीत चालले. कोपऱ्यावरच्या शेवंताकाकू आरती घेऊन पुढं आल्या, फणा उघडला तशा "आगं बया" करून मागं सरल्या, आणि आबा कित्येक वर्षांनी मोठ्यानं हसले. जिनू या वेळी स्वयंपाकघरात नव्हता. माझ्याशेजारी रस्त्यावर उभा होता आणि डोळे पुसत होता.

यंदाची पंचमी त्याच्याशिवाय आली. आदल्या दिवशी मी शिराळ्याला आलो, आबांनी बटण दाबलं तर फणा एकाच बाजूनं उघडला. दुसरी बाजू तशीच पडून. आबा उठून मागच्या खोलीकडे निघाले. मी म्हटलं, "थांबा आबा, उघडून तर बघू." यातलं काम मी कित्येक वर्षांत केलेलं नव्हतं. मानेचं रबर सोललं. एक बारीक तार डागाजवळच तुटली होती. ओढून पुन्हा जोडायची तर ती पुरायला हवी, आणि त्या चिमुकल्या जागेत कुठून पुरणार... पण ओढली तशी ती येत गेली. दोन मोटरींच्या मधल्या फटीत, जिथं नखही शिरत नाही तिथं, जिनूनं जास्तीची तार चपटी करून गुंडाळून ठेवली होती. एकेका केसाच्या जाडीसाठी भांडत असताना त्यानं पुढं कधीतरी हे उघडणाऱ्यासाठी जागा काढली होती. मला पुढचं दिसेना.

"काय घावलं?" आबांनी विचारलं.

"तार हाय आबा. जिनूनं जादा ठेवलीया."

आबा परत येऊन माझ्यासमोर बसले. "मग लाव की," म्हणाले, "सकाळी जायाचं हाय."

मी लागली तेवढीच तार घेतली आणि उरलेली, त्यानं ठेवली होती तशीच, पुन्हा त्या फटीत गुंडाळून ठेवली.