संक्रांतीला लुटलेल्या कादंबऱ्या

मला एक वाईट खोड आहे. नवं पुस्तक आवडलं की ते दुसऱ्याच्या गळ्यात मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. कॉलेजात जायच्या आधीच्या वयातल्या पोरांसाठी मराठीत नव्या कादंबऱ्या निघाल्या की मी पुण्याहून पार्सल मागवते, रात्रंदिवस वाचते आणि मग मध्य प्रदेशातल्या आमच्या धार गावात सगळीकडे सांगत सुटते. ऐकणाऱ्या बायका म्हणतात, "छान हो! पण आमची मुलं मराठी बोलतात तेवढंच. वाचतंय कोण?" पालथ्या घड्यावर पाणी!

खरं सांगायचं तर माझा सगळा जीव एकाच घड्यात अडकला होता. देवासला माझी भाची आहे, दहावीतली. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, दोन वर्षांपूर्वी गेली. ती होती तोवर त्या घरात मराठी घुमायचं. आता फोन केला की पोरगी म्हणते, "हां मौसी, सब ठीक." बस, संपलं. फोन ठेवला की मी उगाच घरभर येरझारा घालायची. बहीण गेली ती गेली, आता ही पोरगीही हातची जाते की काय, या धास्तीनं मला धड जेवण जाईना.

म्हणून यंदा माझ्याकडच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून कादंबऱ्याच लुटल्या. स्टीलच्या वाट्या किती जमवायच्या माणसानं! भाचीची काकू देवासहून आली होती. तिला मुद्दाम सायकलवाली कादंबरी दिली. त्यातली मुलगी कुणाला न सांगता सायकल काढते आणि घर सोडून गेलेल्या वडिलांना शोधायला निघते. "पोरीला द्या बरं का," असं मी तीनदा बजावलं.

पुढच्या आठवड्यात काकूनं हळदीकुंकू केलं, म्हणून मी देवासला गेले. भाची कोचिंगला गेली होती. काकूनं मला कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि वाण दिलं. बघते तर माझीच कादंबरी! आलेलं वाण पुढे सरकवायची आपल्या बायकांची रीतच आहे, मीही डबे सरकवलेत. पण हे? वर चढवलेल्या खाकी कव्हरलाही सुरकुती नव्हती. म्हणजे कुणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. माझं डोकं असं फिरलं की पोरीची वाटही न बघता मी बस धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मास्तरीणबाई जवळच्या तिरला गावच्या शाळेत निघाल्या होत्या. त्यांच्या स्कूटीच्या डिकीत ते पुस्तक कोंबलं. "न्या शाळेत. निदान तिथं तरी कुणी वाचेल."

संध्याकाळी भाचीचा फोन आला. आवाज रडवेला.

"मौसी, ती सायकलवाली बुक काकूने तुला दिली का? मेरी आधी बाकी है. ती मुलगी नदीवर पोचलीय आणि होडी निघून गेलीय!"

"अगं, पण पुस्तक तर कोरं करकरीत होतं!"

"मी पूरा उघडतच नाही. आई ओरडायची ना, बुकची पाठ मोडते म्हणून."

अगं आई गं! माझी बहीण पुस्तक जेमतेम चार बोटं उघडून वाचायची. सगळं माहेर तिला हसायचं, आणि मलाच तेवढं आठवू नये?

रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी रिक्षावाल्याच्या मागे लागले, "भिया, जल्दी चलो ना!" तिरल्याला मास्तरीणबाई हसून म्हणाल्या, "अहो ताई, काल दिलंत आणि आज परत?" हसा, बाई, हसा. पुस्तक पिशवीत घातलं आणि इंदूरला बस बदलून दुपारी देवास गाठलं.

भाचीनं पुस्तक हातातून ओढूनच घेतलं. पानाचा कोपरा दुमडलेला नसतानाही तिला बरोबर जागा सापडली. मग ती मोठ्यानं वाचायला लागली, कारण मनातल्या मनात मराठी वाचणं तिला जमत नाही. अडखळत होती, जोडाक्षरं गिळत होती, 'ळ' आला की पाय घसरत होता. माझी जीभ वळवळत होती, पण दातांखाली दाबून धरली. म्हटलं, टोकलं आणि पुस्तक मिटलं तर? पान संपलं. ती थांबली, माझ्याकडे बघत राहिली.

"काय गं? वाच ना पुढे."

"मी इतकं चुकले, तू कुछ बोलली नाहीस," ती म्हणाली. "आई तर प्रत्येक लाइनला टोकायची."

तिनं पान मागे उलटलं आणि पुस्तक दोघींच्या मध्ये सरकवलं. "आता टोक," म्हणाली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागली.