चार पेडांची वेणी

मंडळी, आधीच सांगून ठेवते. मला देव नको, भूत नको, चहा तेवढा वेळेवर लागतो. या सदरातले अनुभव मी वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. मग आज मीच का लिहायला बसले? परवा नातीची वेणी घालून दिली, तर सून म्हणाली, "आई, ही चार पेडांची कुठं शिकलात हो? अख्ख्या घरात कुणाला येत नाही." मी म्हटलं, "अशीच." पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. तेव्हा मी उस्मानाबादेत – आता धाराशिव म्हणायचं – एका बालगृहात कामाला होते. हुद्दा मोठा, मानससल्लागार वगैरे. लोक म्हणायचे 'पोरं बोलकी करणाऱ्या बाई'. टाकलेलं, हरवलेलं, मार खाल्लेलं पोर आलं की मी त्याच्याशी बोलायचं, त्याचं घर बघून यायचं आणि कोर्टाला सांगायचं – हे पोर घरी धाडावं की नाही. माझ्या एका 'हो'वर पोर त्याच उंबऱ्याच्या आत परत जायचं. जीव दडपून जायचा कधी कधी.

सुली सहा-सात वर्षांची. तेरच्या पुढं एका गावाजवळ – गावाचं नाव घेत नाही – दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांना ती एकटीच फिरताना सापडली. बाप आधीच वारलेला. आई? चुलता म्हणायचा, "पळून गेली की! पोटची पोर टाकून." हा चुलता म्हणजे गावच्या सोसायटीचा चेअरमन. पांढरीशुभ्र टोपी, बोलायच्या आधी हात जोडलेले. येताना पोरीला गोडीशेव आणायचा. "आमच्या घरची लेक सरकारी छपराखाली... नाक कापलं गेलं बघा बाई माझं." आणि सुली? तो फाटकात दिसला की उभ्या जागी परकरात मुतायची.

पण एवढ्यावर कोर्ट ऐकत नाही हो. चुलता सख्खा, घर खाऊनपिऊन सुखी, गावात मान. वरून फोन यायला लागले – पोरगी का अडकवून ठेवलीय? बालगृहाच्या साहेबांनी मला सांगून टाकलं, "घर बघून या आणि विषय संपवा."

आता वेणीचं सांगते. बालगृहात उवांमुळं सगळ्या पोरींचे केस कातरलेले. सुलीनं कात्री बघून असा आकांत मांडला की तिचे तेवढे राहू दिले. आणि रोज सकाळी तिची वेणी घातलेली असायची. चार पेडांची, घट्ट, टोकाला हिरव्या लुगड्याच्या चिंधीची दुहेरी गाठ. केसांना करडईच्या तेलाचा वास! भाजीला तेल मिळेना, आणि हिच्या डोक्याला तेल? तिथल्या मावशी पोरींचं सगळं बघायच्या. मी त्यांनाच फैलावर घेतलं.

"म्या कशाला घालू?" मावशी चिडल्या. "मला तीनच पेडाची येती. ती उठती तीच येणी घालून. म्या बघितलंय न्हवं का."

सुलीला विचारलं, तर म्हणाली, "माय घालती."

आई हरवलेल्या लेकराला आई दिसते, त्यात नवल नाही, पोर स्वतःच घालत असेल – असं मी मावशींना समजावलं. लई शहाणी होते मी तेव्हा!

तर आम्ही गेलो. सोबत प्रोबेशन ऑफिसर कांबळे. तेरकडचेच, शांत माणूस, गावगाडा कोळून प्यालेला. एसटीतून उतरलो तेव्हा भर दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. चेअरमनचं माळवदाचं घर. कांबळे बाहेर चुलत्याशी बोलत बसले, मी आत सुलीच्या काकीकडं. उन्हानं डोकं भणभणत होतं, म्हणून मी सरळ आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन भुईवर बसले. तिथली भुई गार होती.

"तिथं नगा बसू बाई," काकी एकदम म्हणाली. "हितं दाराला या, वारं लागतंय."

"असू द्या, इथं गार वाटतंय," मी म्हटलं. मला कुणी 'नको' म्हटलं की मी तेच करणार, हा माझा स्वभाव.

काकी समोर बसून रडगाणं गाऊ लागली. "आमीबी रेशनची लाल मिलो ज्वारीच खातो बाई. पेवं समदी रिकामी, दाणा न्हाय घरात. पर पोरीला काय कमी पडू देणार न्हाय." पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं तळघर, तोंड भुईच्या पातळीला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी बसले होते ती जागा गोल होती आणि बाकीच्या भुईपेक्षा ओली. नुकतीच लिंपलेली.

आणि तेवढ्यात करडईच्या तेलाचा वास आला.

मानेवर काहीतरी टेकलं. वाटलं, घाम. मग कंगव्याचे दात टाळूवरून खाली आले... हळू, सावकाश, एका लयीत. मागं भिंत होती हो! वीतभर जागा नव्हती. कानाशी काचेच्या बांगड्या किणकिणल्या. केस ओढले जात होते, चार वाटे होत होते, मला कळत होतं. त्या बोटांना घाई नव्हती. बर्फासारखी गार बोटं. देवाशपथ सांगते – हो, मीच म्हणतेय देवाशपथ – इतकी मी आयुष्यात कधी भ्याले नाही.

काकी बोलायची थांबली. ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या खांद्याच्या वर, भिंतीकडं बघत होती. मग "अगं आई गं!" करून ती जी उठली ती परसात पळाली.

मी कशी बाहेर आले मला आठवत नाही. चपला हातात होत्या. गावाबाहेर एसटीच्या थांब्यावर आलो तेव्हा कांबळे म्हणाले, "बाई... येताना तुमचा अंबाडा होता ना?"

मी हात मागं नेला. वेणी. चार पेडांची. टोकाला चिंधी, तिला दुहेरी गाठ. आणि अंबाड्याचे आकडे? ते सगळे माझ्याच मुठीत होते, गच्च धरलेले.

मी तिथंच लहान पोरासारखी रडले. कांबळ्यांनी वेणीबद्दल पुन्हा एक शब्द विचारला नाही. मी त्यांना फक्त ओल्या भुईचं सांगितलं. ते म्हणाले, "प्यायला पाणी नाही गावात. रिकामं पेव लिंपतं कोण, बाई?"

तिथनं आम्ही तडक पोलीस ठाण्यात गेलो. दुसऱ्याच दिवशी पेव उघडलं. सुलीची आई आत होती. नवऱ्याच्या वाट्याची जमीन मागत होती, एवढाच तिचा गुन्हा. अंगावर हिरवं लुगडं, पदराची किनार जागोजागी फाडलेली. काकी पहिल्याच प्रश्नाला घडाघडा बोलली म्हणे – वास येऊ नये म्हणून तोंड पुन्हा पुन्हा लिंपत होते. मी कोर्टाला लिंपलेल्या पेवाचं सांगितलं, वेणीचं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार?

पण माझी झोप उडाली ती या सगळ्यानं नाही.

पेव उघडलं त्याच दिवशी सकाळी मी बालगृहात गेले. आत काय सापडेल हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं, सुलीला तर आम्ही कुठं जाऊन आलो तेही सांगितलेलं नव्हतं. ती पायरीवर बसली होती. केस मोकळे. पहिल्यांदाच.

मला बघून उठली, कंगवा माझ्या हातात दिला आणि पाठ करून माझ्या पुढ्यात बसली.

"आज वेणी नाही घातली मायनं?" मी विचारलं.

"आता न्हाय येणार ती," सुली म्हणाली. "माय म्हणली, बाईला शिकवलीय. आता त्या घालतील."

मला तीन पेडांचीसुद्धा धड येत नव्हती, मंडळी. जन्मभर अंबाडा. तरी मी तिचे केस हातात घेतले आणि हात चालायला लागले. चार वाटे, घट्ट, टोकाला दुहेरी गाठ. एकदाही चुकले नाही.

सुली बालगृहातच वाढली, शिकली, नर्स झाली, तिला लेकी आहेत. मला कधीमधी फोन करते. त्या दिवसाबद्दल आम्ही बोलत नाही. कुणी याचा उलगडा केला तर मी सगळ्यात आधी ऐकीन, भांडणार नाही. मला विचारलंत, कशी घालायची ती वेणी, तर सांगता येणार नाही. नुसतं बसून आठवायला गेले तर दुसऱ्याच पेडाला गोंधळते. पण एखाद्या पोरीचे केस हातात आले की माझे हात आपले आपण चालतात, आणि ते चालत असेपर्यंत गार पडलेले असतात.