भुताला दिलेली चाल

अन्याय माझ्या काकीवर झाला. केव्हा, तेही सांगते: पहिल्या भागाच्या चित्रीकरणाच्या तिसऱ्या दिवशी, सकाळच्या चहाला, लोधिवलीजवळच्या आमच्या गावात.

भुताच्या सिनेमाचं युनिट आमच्या शेतावर उतरलं होतं. काकी बांधावरून दुधाची किटली घेऊन आली. लहानपणी तिच्या मांडीचं हाड मोडलं, ते आखूड सांधलं. तेव्हापासून ती उजवा पाय बाहेर फेकते आणि घासत आत ओढते. दिग्दर्शक चहा प्यायचा थांबला. तोवर त्याच्या भुताकडे पांढरी साडी आणि मोकळे केस, एवढंच होतं.

त्याच्या सांगण्यावरून काकीने तीन सकाळी भूत होणाऱ्या नटीला तसं चालायला शिकवलं. "कंबर सोड गं पोरी, लग्नाच्या फोटोला उभी हायस का?" सगळं युनिट हसलं. सरावासाठी मोबाइलवर काकीची चाल मीच टिपून दिली; समोरून, मागून, बाजूने. मला भारी वाटत होतं. हे लपवणार नाही.

दुसऱ्या भागाची सुरुवातच पाय घासल्याच्या आवाजाने झाली. तिसऱ्यानंतर पोरंटोरं रस्त्यात तसं चालून रील काढू लागली. काकी खोपोलीच्या बाजारात भाजी विकते. आता ती सगळ्यांच्या आधी येऊन बसते आणि सगळे गेल्यावर उठते. मधे उठावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. एकदा उठली, तर एक बाई कौतुकाने म्हणाली, "अगदी सेम करता हो तुम्ही!"

काकी स्वतःच्याच चालीची नक्कल करतेय, असं वाटलं त्या बाईला.

चौथ्या भागाचं काम कर्जतच्या स्टुडिओत चालू आहे, असं कळलं. मी पत्रक लिहायला बसले. काकी म्हणाली, "कागद ऱ्हाऊ दे गं. मला घेऊन चल."

दिग्दर्शकाने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. माणूस वाईट नाही, म्हणून तर जास्त राग येतो. "मावशी, ती चाल म्हणजेच आमचं भूत. लोक त्यासाठीच तिकीट काढतात."

"भूतच हाय ना ते? मंग उडवा की त्याला! मला उडता येत नाय साहेब. मला बाजारात चालतच जायचं हाय."

तो हसला. "शेवटचा प्रसंग अजून व्हायचाय. बघतो," म्हणाला. परतताना टेंपोत काकीने विचारलं, "बघतो म्हंजी काय गं?" घरी येऊन मी हे पत्रक पुरं केलं.

उत्तर तुम्हा प्रेक्षकांकडे आहे, कारण तो तुमचं नाव पुढे करतोय. त्याला कळवा, या चालीसाठी आम्ही येत नाही. आणि भुताची चाल बदलल्याचं तो स्वतः सांगेपर्यंत चौथ्या भागाचं तिकीट काढू नका.